आतड्याला पीळ

"मी मिरजेचा" हे वाक्य मी आयुष्यात दोनदाच फुशारकीने म्हटलंय. एकदा लग्न ठरताना आणि एकदा जर्मनीत, येना शहरातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात. पहिल्या वेळचं जाऊ द्या. दुसऱ्या वेळेपायी मला चार रात्री एका खेड्यातल्या गारठलेल्या चर्चमध्ये काढाव्या लागल्या.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई व्हिओला दा गांबा वाजवतात. दिसायला चेलोसारखी, पण चेलोला टेकायला खाली खुंटा असतो, हिला दोन्ही पोटऱ्यांत धरून ठेवायचं. सहा तारा, आणि सतारीसारखे बांधलेले, सरकणारे पडदे. तारा आतड्याच्या, पडदेही आतड्याचेच. आपल्या सारंगीला असते ती तात. मेंढीच्या आतड्याच्या पट्ट्या ओल्या असतानाच पिळून वाळवल्या की झाली तार. 'आतड्याला पीळ पडला' असं आपण आईच्या मायेबद्दल म्हणत आलो, इथे ते दुकानात मोजून पैसे देऊन विकत मिळतं.

तर मी जिन्यात सहज बोलून गेलो की आमच्या गावात सतारमेकरांची गल्ली आहे, शाळेत जाताना तंबोऱ्याच्या भोपळ्यांचे ढीग दिसायचे. शब्दन् शब्द खरा. पण बाईंनी त्यातून अर्थ काढला की मला वाद्यांतलं कळतं. मला भोपळ्यातलंही कळत नाही. आठवड्याभरात त्यांच्या चौघांच्या रेकॉर्डिंगला मदतनीस म्हणून माझी नेमणूक झाली.

संगीतकार फिलिप हाइनरिश एर्लेबाख. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, मीही ऐकलं नव्हतं, आणि त्याचं गाव रुडॉलश्टाट आमच्यापासून तासाभरावर आहे. 1657चा जन्म. 1681पासून 1714मध्ये मरेपर्यंत तिथल्या दरबारात संगीतप्रमुख. लिहिलं ढिगाने. तो गेल्यावर बायकोने सगळं बाड दरबाराला विकलं. राजवाडा, म्हणजे याहून सुरक्षित जागा कुठली? 1735मध्ये राजवाड्यालाच आग लागली. छापून बाहेर पडलेलं आणि इतरांनी उतरवून घेतलेलं थोडंफार, एवढंच वाचलं. त्यातल्याच या सहा सोनाटा, म्हणजे नुसत्या वाद्यांसाठीच्या रचना: व्हायोलिन, गांबा आणि साथीला खर्जाची बाजू. 1694मध्ये न्यूरेनबर्गला छापलेल्या. जगप्रसिद्ध संगीतकार बाख तेव्हा नऊ वर्षांचा होता. मोठा झाल्यावर त्याने सगळ्यांची जागा खाल्ली, हे माझं वैयक्तिक मत.

सामान न्यायला व्हॅन होती. थिऑर्बो हे लांबलचक मानेचं तंतुवाद्य माझ्याहून वीतभर उंच. त्याला पुढची सीट मागे पाडून झोपवलं, पट्टा लावला, आणि मी मागे वायरींच्या खोक्यांत. हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोसारखं पट्ट्यांचं जुनं वाद्य, दिसतं तितकं जड नसतं, असं मला सांगण्यात आलं. सांगणारे उचलायला नव्हते.

दिवसा ट्रॅक्टर चालतात म्हणून रेकॉर्डिंग रात्री. हीटरचा पंखा घरघरतो म्हणून हीटर बंद. हवा गार झाली की तारा हलणार, माणसांच्या श्वासाने दमट झाली की पुन्हा हलणार. त्यात सूर आजचा नाही. आजच्या वाद्यवृंदाचा 'ए' हा सूर साधारण सेकंदाला 440 कंपनांचा, यांचा 415चा, म्हणजे अर्धा सूर खाली. खरं तर त्या काळी गावोगावचा सूर वेगळा होता, 415 ही हल्लीच्या लोकांनी सोयीसाठी केलेली तडजोड. पण तिच्यावर निष्ठा अशी की विचारू नका. चाळीस मिनिटं लावायचं, चार मिनिटं वाजवायचं, की पुन्हा लावायचं. नमनाला घडाभर तेल ऐकलं होतं, इथे नाटकच नमनाचं होतं.

ध्वनिमुद्रक पाद्र्यांच्या कपडे बदलायच्या खोलीत हेडफोन लावून बसलेले. दर वेळी स्पीकरमधून त्यांचा आवाज यायचा: "झेअर श्योन. नोख माल." फार सुंदर, पुन्हा एकदा. सुंदर होतं तर पुन्हा कशाला, हे विचारायची हिंमत मला चौथ्या रात्रीपर्यंत झाली नाही.

तिसऱ्या रात्री अकराला गांबाचा एक पडदा सुटला. बाईंनी नवी तात मानेभोवती गुंडाळली, गाठ मारली, आणि टोक निसटू नये म्हणून त्याला काडी लावली. टोक चुरचुरत फुगलं. चर्चभर वास पसरला. इतरांनी नाकं मुरडली. मला एकदम मिरजेच्या मटणाच्या दुकानाबाहेर मुंडी भाजतात ते आठवलं आणि कडकडून भूक लागली. डब्यात डाळिंब्यांची उसळ होती. बायको म्हणाली होती, "रात्री जपून खा रे, वाल आहेत." मी सगळी खाल्ली.

सतरावा टेक. साराबांद, म्हणजे एका जुन्या नाचाच्या चालीची संथ रचना. व्हायोलिनवाल्यांनी सूर सोडला, सगळे थांबले, कमानीखाली तो विरत चालला होता. आणि माझ्या पोटातून, तळातून, एक लांबलचक, घोळदार मींड निघाली.

स्पीकर म्हणाला, "आत कुठे पाणी वाहतंय का?"

सगळे उठले. भिंतीतले पाइप तपासले. चर्चच्या रखवालदाराला उठवून आणलं, त्याने बिचाऱ्याने स्वेटर उलटा घातला होता. मीही टॉर्च घेऊन खाली वाकून पाइपला कान लावून आलो. "काही नाही," मी म्हणालो. त्यानंतर चर्चबाहेर बर्फात उभा राहिलो ते उजाडेपर्यंत.

आठ महिन्यांनी सीडी आली. साराबांद लावली. व्हायोलिन थांबलं, शांतता झाली, आणि ती आलीच. तीच. त्या रात्री एवढा एकच टेक होता ज्यात एकही तार उतरली नव्हती.

बाई माझ्या सोफ्यावर डोळे मिटून ऐकत होत्या. "इथे थिऑर्बोचा खर्ज किती खोल उतरलाय," त्या म्हणाल्या, "तुम्हाला जाणवलं?"

"लगेच," मी म्हणालो. "मिरजेचा आहे मी."