विमानात बाळाला सर्दीचं औषध पाजून झोपवू नका

‘विमान सुटण्याआधी बाळाला सर्दीचं औषध अर्धा चमचा पाजा, कानात कापूस घाला, बाळ झोपेल, कान दुखणार नाहीत,’ असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि औषधाचा भाग तर धोक्याचा.

क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण असलेल्या सर्दीच्या औषधावर ‘४ वर्षांखालील मुलांना देऊ नये’ अशी सूचना छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले आहेत. अशा औषधांनी श्वास मंदावू शकतो. काही मुलं तर झोपण्याऐवजी उलट जास्त चिडचिडी होतात.

कान दुखतात ते मुख्यतः विमान उतरताना. केबिनमधला हवेचा दाब वाढतो आणि कानाचा पडदा आत ढकलला जातो. नाकाच्या मागून कानात जाणारी नळी गिळताना उघडते, तेव्हा दाब सारखा होतो. लहान मुलांची ही नळी अरुंद असते. झोपेत गिळणं कमी होतं, म्हणून गाढ झोपवणं उलटच पडतं. कापसाने दाब अडत नाही.

म्हणून औषधाऐवजी बाळाला दूध पाजा, म्हणजे ते गिळत राहील. पाजण्याची वेळ मात्र नेमकी साधावी लागते. मुंबईत विमान धावपट्टीच्या रांगेत बराच वेळ थांबू शकतं. दार बंद होताच पाजायला घेतलं तर उड्डाणाआधीच पोट भरतं. चाकं वेग घेऊ लागली की पाजा. उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी, विमान खाली येऊ लागलं की बाळाला जागं करून पुन्हा अंगावर घ्या किंवा बाटली द्या, डोकं थोडं उंच धरून. भूक नसेल तर चोखणी चालते. कान फुटला असेल किंवा सर्दीने नाक गच्च असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.