सशाच्या जागी कोण?

जानेवारीत उत्तरायणाला बडोद्याला गेले होते. दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर उंधियूचं पातेलं, पिपाण्यांचा कलकलाट, आणि भाचीच्या मांडीवर पुठ्ठ्याच्या खोक्यात मांज्यानं पंख कापलेला पारवा. जखमी पक्ष्यांना वाचवणाऱ्या करुणा अभियानवाल्यांची वाट बघता बघता ती दादाकडे वळली. "बाबा, तुम्ही तर सशांना सुया टोचायचात ना?"

दादा सलाइनच्या बाटल्या करणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. बाटलीत जंतूंचे अंश उरले असतील तर पेशंटला हुडहुडी भरून ताप येतो. म्हणून तीन ससे लाकडी खोड्यात मान अडकवून बसवायचे, कानाच्या शिरेत द्रव सोडायचा, गुदद्वारात थर्मामीटर ठेवायचा आणि तीन तास ताप चढतो का ते बघायचं. लहानपणी मला हे ऐकून ससा आजारी पडल्यासारखा वाटायचा.

दादा भडकला. "मग बाटली कोणावर तपासू? तुझ्यावर?"

गंमत म्हणजे बर्लिनमध्ये मी ज्या क्षेत्रात काम करते, तिथलं उत्तर "हो, तिच्यावरच" असं आहे. रक्तदात्याच्या रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या आणि त्यात सलाइनचा नमुना घालायचा. जंतूंचे अंश असतील तर त्या पेशी ताप आणणारी प्रथिनं सोडतात, ती मोजायची. ताप माणसाचा, पेशीही माणसाच्याच. जून 2024 मध्ये युरोपच्या औषधसंहितेनं, म्हणजे औषधांच्या दर्जाचे नियम सांगणाऱ्या अधिकृत ग्रंथानं, सशांची ही चाचणी आपल्या पानांतून काढून टाकायचं ठरवलं.

आपल्याकडे प्राण्यांवरच्या चाचण्यांचा वाद नेहमी दया विरुद्ध विज्ञान असा रंगतो. मला तो तसा वाटत नाही. दयेत आपण मागे नाही. प्राणिमात्रांविषयी करुणा हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून आपल्या घटनेत 1976 सालीच आलं, जर्मनांनी प्राणिसंरक्षण घटनेत घातलं ते 2002 मध्ये. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करायला भारतात 2014 पासून बंदी आहे. नव्या औषधांसाठी पेशींवरच्या चाचण्या चालतील, असा बदल 2023 मध्ये नियमांत झाला. आणि जर्मनीत आजही वर्षाला दहा लाखांहून जास्त प्राणी प्रयोगांत वापरले जातात, तेव्हा इथून उपदेश करायला मला तोंड नाही.

फरक दुसरीकडे आहे. ससा हटवला की त्याच्या जागी यंत्र येतं असं आपण धरून चालतो. येतो तो माणूस. त्वचेला एखादा पदार्थ झोंबतो का, हे पूर्वी सशाची पाठ भादरून बघत. आता माणसाच्या शस्त्रक्रियेत उरलेल्या कातडीतल्या पेशी एका पडद्यावर वाढवतात. वरची बाजू हवेत उघडी ठेवली की खऱ्या त्वचेसारखा कोरडा थरसुद्धा धरतो. त्यावर पदार्थ लावायचा, धुवायचा, मग रंग घालायचा. जिवंत पेशी जांभळ्या होतात. निम्म्याहून कमी उरल्या तर पदार्थ दाहक. काम वेळखाऊ आणि महाग आहे. एकदा बुरशी शिरली की महिन्याची मेहनत कचऱ्यात जाते.

आणि शुद्ध शाकाहारीही नाही! पेशी ज्या गुलाबी द्रवात वाढतात त्याबद्दल वहिनीनं विचारलं, तेव्हा मी खरं सांगून टाकलं. त्यात बहुतेक वेळा गाभण गाय कापताना मिळालेल्या गर्भाच्या रक्तातला रक्तरस असतो. वहिनीनं उंधियूची वाटी खाली ठेवली. रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या प्लेटलेट्सपासून केलेला अर्क त्याऐवजी वापरता येतो, हे तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. म्हणजे तिथेही देणारा माणूसच.

दादाचा एक मुद्दा मात्र मी खोडला नाही. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशीला यकृत नसतं, मूत्रपिंड नसतं. 2006 मध्ये लंडनला एक नवं औषध माकडांना पचलं होतं, पेशींच्या चाचण्यांतही धोका दिसला नव्हता, आणि सहा निरोगी स्वयंसेवक मरता मरता वाचले. सगळं उद्याच बशीत होईल असं म्हणणाऱ्यावर माझाही विश्वास नाही.

पण जे होऊ शकतं त्यासाठी लागणारी कातडी, हाडं, कूर्चा बडोद्यातल्या शस्त्रक्रियागृहांतून रोज पिवळ्या पिशवीत पडून जाळायला जाते. बर्लिनमध्ये माझं पित्ताशय काढलं तेव्हा उरलेला भाग संशोधनाला द्याल का, असा वेगळा कागद आदल्या दिवशी समोर आला होता. दोन पानं. नंतर मन बदललं तर काय करायचं, तेही त्यात लिहिलेलं. हा शहाणपणा फुकट आलेला नाही. 1951 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या कर्करोगाच्या रुग्ण बाईच्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या, त्या जगभर वाढल्या, आणि घरच्यांना ते कळायला वीस वर्षांहून जास्त काळ गेला.

वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. काढलेली कूर्चा संधिवाताच्या अभ्यासाला सोन्यासारखी. मी विचारलं, "मागितली असती तर दिली असतीस?"

"दिली असती की. मला काय करायचीय ती? पण कोणी विचारलंच नाही. आणि विचारलं तरी कळायला हवं ना गं, कशावर सही करतेय ते."

"मग ऑपरेशनचा फॉर्म कळला होता?"

"तो इंग्रजीत होता," दादा म्हणाला. "मी खूण केली तिथे तिनं सही केली."