स्टेअरवे टू हेवन उलटं वाजवून सैतान शोधणाऱ्यांनो, जरा थांबा

ताईच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज आला आणि तिने लगेच भाच्याला सांगून टाकलं की हे गाणं आता घरात नको. पोरगं कधीपासून गिटारवर त्याच्या सुरुवातीच्या तुकड्यावर मेहनत घेतंय, ए मायनर कॉर्डपासून चौथ्या तारेवर एकेक फ्रेट (गिटारच्या मानेवरची पट्टी) खाली उतरायचं आणि वरचे सूर पण तुटू द्यायचे नाहीत, आता कुठे बसायला लागलं होतं. म्हणून हे लिहितोय.

मेसेजचं म्हणणं असं: लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचं १९७१ चं 'स्टेअरवे टू हेवन' उलटं वाजवलं की सैतानाची प्रार्थना ऐकू येते, ती मुलांच्या डोक्यात नकळत शिरते, बँडवाले सैतानाचे भक्त होते, आणि गाणं चोरीचं आहे हे कोर्टात सिद्ध झालंय.

आधी उलटं वाजवायचं बघू, कारण सगळी भीती तिथूनच येते. फोनवर 'नमस्कार' रेकॉर्ड करा आणि एखाद्या ॲपमध्ये रिव्हर्स करा. अक्षरं नाही, आवाज उलटतात, त्यामुळे 'राक्समन' असं काहीतरी येतं. आता कुणाला आधीच सांगा की यात 'राक्षस मन' ऐकू येतं, त्याला तेच ऐकू येणार. मग काय, नमस्कार करणं बंद करायचं?

हे माझ्या मनाचं नाही. कॅनडातल्या लेथब्रिज युनिव्हर्सिटीच्या व्होकी आणि रीड या दोन मानसशास्त्रज्ञांनी याच प्रकारावर प्रयोग केले, १९८५ मध्ये 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट' या मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आलेत. उलटं बोलणं ऐकून लोकांना आवाज बाईचा की पुरुषाचा हे कळत होतं, पण वाक्याचा अर्थ सोडा, ते विधान आहे की प्रश्न हेसुद्धा सांगता येत नव्हतं. आणि काय ऐकायचं ते आधी सांगितलं की मात्र बहुतेकांना ऐकू यायला लागलं, बायबलमधलं स्तोत्र उलटं वाजवलं तरी. या गाण्याच्या व्हिडिओंमध्येही नेमकं तेच करतात, खाली सबटायटल टाकतात. ते झाकून एकदा ऐका.

एक मान्य करतो, मुद्दाम उलटे टाकलेले संदेश असतात, इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या बँडच्या 'फायर ऑन हाय'मध्ये आहे. पण तिथे सरळ वाजवल्यावर तो भाग गिचमिड वाटतो, उलटा केला की स्वच्छ वाक्य येतं. स्टेअरवेमध्ये बँडचा गायक रॉबर्ट प्लँट सरळच स्पष्ट गातोय. सरळही अर्थ लागेल आणि उलटही लागेल असं गाणं लिहून, वर ते जीव ओतून गायचं, हे कुणाला जमणार आहे? १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेच्या समितीपुढेही हे उलटं वाजवून झालं, म्हणजे मेसेज नवीन पण नाही.

मुलांच्या मनात शिरतं म्हणे. ज्याचा अर्थ कानाला लागतच नाही ते मनात कसं शिरणार? त्याच अभ्यासात तसा काही परिणाम दिसला नाही. विषय संपला.

बँड सैतानभक्त? बँडचा गिटारवाला जिमी पेजला आलिस्टर क्रॉली या गूढविद्यावाल्याचं वेड होतं हे खरं आहे, क्रॉलीचं स्कॉटलंडमधलं घरसुद्धा पेजने विकत घेतलं होतं. मला ते आवडत नाही. पण या गाण्याचे शब्द पेजचे नाहीत, प्लँटचे आहेत, आणि त्यात सगळं विकत मिळतं असं समजणारी एक बाई आहे, सैतान कुठेच नाही.

राहिली चोरी. स्पिरिट बँडच्या 'टॉरस' या रचनेची सुरुवात ऐकली तर साम्य जाणवतं, मलाही जाणवतं, आणि त्यावरूनच केस झाली. पण २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने निकाल लेड झेपेलिनच्या बाजूने दिला, मधे अपिलात तो रद्द झाला, मग मार्च २०२० मध्ये त्याच अपील कोर्टाच्या मोठ्या खंडपीठाने तो पुन्हा कायम केला आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. मेसेजवाल्याने नेमका उलटा निकाल लिहिलाय.