अणुकेंद्रकाचा आकार कुणी ठोकून दिलेला नाही

एक मजकूर सध्या खूप फिरतोय. अणुकेंद्रक कुणी पाहिलेलं नाही, रदरफोर्डने सोन्याच्या वर्खावर कण मारले, काही परत आले, त्यावरून त्याने आकार ठोकून दिला. पुढे आकडेही बदलले, म्हणजे सगळंच काल्पनिक.

'ठोकून दिला' हा यातला सगळ्यात खोटा भाग. 1909 मध्ये मँचेस्टरला रदरफोर्डचे सहकारी गायगर आणि मार्सडेन यांना प्लॅटिनमच्या पत्र्यावरून साधारण 8000 पैकी एक अल्फा कण (किरणोत्सर्गी पदार्थातून सुटणारा वेगवान कण) माघारी फिरलेला आढळला. 1911 मध्ये रदरफोर्डने त्याचा हिशेब मांडला. अल्फा कण आणि केंद्रक दोघांवरही धनप्रभार असतो. त्यामुळे थेट समोरून येणाऱ्या कणाचा वेग घटत जातो आणि सगळी गतिज ऊर्जा संपली की तो थांबून उलटा फिरतो. कणाची ऊर्जा 77 लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि सोन्याच्या केंद्रकाचा प्रभार 79 धरला, तर कण थांबतो तिथून केंद्रकाच्या मध्यापर्यंतचं अंतर सुमारे 30 फेम्टोमीटर निघतं. बारावीच्या सूत्राने कुणीही काढून पाहावं. (फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग.)

शिवाय कोणत्या कोनात किती कण वळतील, वेग किंवा वर्खाची जाडी बदलली तर काय होईल, हेही या सिद्धान्ताने सांगितलं होतं. गायगर-मार्सडेन यांनी अंधारात बसून, कण आदळला की पडद्यावर चमकणारे क्षणिक ठिपके सूक्ष्मदर्शकातून एकेक मोजून ते तपासलं. 1913 मध्ये निकाल आला आणि तो जुळला. या कष्टाला अंदाजपंचे म्हणणं मला सहन होत नाही.

आकडे बदलले, हेही अर्धवट. 30 ही वरची मर्यादा होती. केंद्रक त्याहून मोठं नाही, एवढंच तिचं म्हणणं. सोन्यात ते कण केंद्रकाला टेकलेच नव्हते. हलक्या अणूंमध्ये प्रभार कमी, म्हणून कण अधिक आत शिरतात. तिथे 1919 पासून रदरफोर्डच्या सूत्राशी फारकत दिसू लागली. केंद्रकाची हद्द लागल्याची ती खूण होती. सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्या पुढे 7 फेम्टोमीटरच्या आसपास निघाली. ती 30 च्या आतच आहे.

राहिलं 'पाहिलं नाही'. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी जवळपास 50 कोटी फेम्टोमीटर, त्याहून कोट्यवधी पटींनी लहान केंद्रक त्यात दिसणार कसं? 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ हॉफस्टॅटर यांनी काही फेम्टोमीटर तरंगलांबीचे वेगवान इलेक्ट्रॉन वापरले. ते कोणत्या कोनात किती विखुरतात, यावरून केंद्रकाचा आकार तर कळलाच, पण त्याची कड एकदम न तुटता विरळ होत जाते हेही कळलं. 2010 मध्ये प्रोटॉनच्या त्रिज्येवरून जो मोठा वाद पेटला, तो 0.88 की 0.84 फेम्टोमीटर एवढ्यावरच होता.