कूबर पीडी टूरच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडी या ओपलच्या (रत्नाच्या) खाणींच्या गावाला, जिथे लोक जमिनीखाली घरं कोरून राहतात, आपण ॲडलेडहून केलेल्या टूरचा तुमचा रिव्ह्यू वाचला. आईंना त्रास झाला, तुमची सुट्टी मनासारखी गेली नाही, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण "जमिनीखाली दोन रात्रींचे पैसे घेतले आणि एक रात्र पेट्रोल पंपावर काढायला लावली" हे वाक्य वाचून झोप लागली नाही. वाचणाऱ्याला वाटणार की आम्ही फसवलं. आमची एकच व्हॅन आहे, मी चालवतो, बायको बुकिंग बघते, ॲडलेडमधली मराठी माणसं एकमेकांना सांगतात त्यावरच आमचं घर चालतं.

निघायचं सकाळी 6 ला ठरलं होतं, आदल्या रात्री ग्रुपवर मेसेजही टाकला होता. गाडी पावणेसहाला तुमच्या दारात होती आणि आपण निघालो पावणेआठला. बरोबर लहान मुलं, उशीर होतो, मी तेव्हा एक शब्द बोललो नाही. पण ॲडलेड ते कूबर पीडी 846 किलोमीटर आहे, नुसतं ड्रायव्हिंगच नऊ तासांच्या आसपास. पोर्ट ऑगस्टाला अर्ध्या तासाचं जेवण सव्वा तास चाललं, मग लेक हार्ट या खाऱ्या तळ्याच्या मिठावर फोटो, आणि वाटेतल्या ग्लेंडॅम्बोच्या रोडहाऊसला (पेट्रोल पंप आणि राहायच्या खोल्या) पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. जुलैत तिकडे सहाच्या सुमारास अंधार पडतो. पुढे अडीचशे किलोमीटर एक पेट्रोल पंप नाही, गाव नाही, मोबाइलला बहुतेक रेंज नाही, रस्त्याला कुंपण नाही म्हणून गुरं येतात, अंधार पडला की कांगारू येतात, आणि समोरून पन्नास मीटर लांबीच्या रोडट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक. 110 च्या स्पीडला कांगारू आडवा आला तर काय होतं ते मी पाहिलंय. तुमचे मिस्टर म्हणाले की आम्ही मुंबई-गोवा रात्रीच करतो, पण तिथे गाडी बंद पडली तर थोड्या वेळात कोणीतरी भेटतं, इथे सकाळपर्यंत थंडीत बसावं लागलं असतं, तेही दोन लहान मुलं आणि सत्तरीच्या आईंना घेऊन. म्हणून रोडहाऊसवर थांबलो. डगआऊटचं (जमिनीखालच्या खोलीचं) त्या रात्रीचं बुकिंग ऐन वेळी रद्द केल्यामुळे बुडालं, रोडहाऊसच्या खोल्यांचे पैसेही मीच भरले, तुमच्याकडून एक डॉलर जास्त घेतला नाही. रिव्ह्यूमध्ये यातलं काहीच नाही.

डगआऊटच्या खोलीला खिडकी नाही, एसी नाही असं लिहिलंत, तर ताई ती डोंगराच्या पोटात वालुकाश्म कोरून काढलेली खोली आहे, हवा छतातल्या पाइपातून येते, आणि बाहेर उन्हाळ्यात 45 च्या वर जाऊ दे नाहीतर जुलैची थंडी असू दे, आत 23 ते 25 डिग्रीच राहतं. लोक तिथे राहतात ते त्यासाठीच. आईंना कोंडल्यासारखं वाटलं हे मला तेव्हाच कळलं असतं तर जमिनीवरची, खिडकीवाली खोली मिळवायचा नक्की प्रयत्न केला असता.

"बघण्यासारखं काही नाही, नुसते मातीचे ढिगारे" हे मात्र मनाला लागलं. तो प्रत्येक ढिगारा म्हणजे कोणीतरी ओपलच्या आशेने खणलेला खड्डा आहे. 1915 मध्ये विली हचिसन नावाच्या 14 वर्षांच्या पोराला तिथे ओपल सापडलं, तो वडिलांबरोबर सोनं शोधणाऱ्या टोळीत होता. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी तिथे घरं खोदली, पुढे युरोपातून आलेल्या लोकांनी खाणी चालवल्या, सर्बियन लोकांनी तर 1993 मध्ये अख्खं चर्च जमिनीखाली कोरलं. तुम्ही गाडीतच थांबलात, आई आल्या होत्या आणि बराच वेळ हात जोडून बसल्या होत्या.

आणि मुलावर ओरडलो ते खरं आहे. फोटोसाठी तो मागे मागे चालत होता, तिथे उघडे खड्डे आहेत, पळू नका, उलटं चालू नका असे बोर्डच लावलेत. पुन्हा तसं झालं तर पुन्हा ओरडेन.

वेळेबद्दल बुकिंगच्या मेसेजमध्ये आता अजून स्पष्ट लिहू, खोल्यांचंही काहीतरी बघतो. तुमचे स्टार तुम्ही ठरवा, फक्त त्या रात्रीचे पैसे कोणी भरले आणि आपण किती वाजता निघालो, एवढं रिव्ह्यूमध्ये जोडलंत तर बरं होईल. आईंना नमस्कार सांगा.