शंभर वेळा पडलेला माणूस आणि आमचे बिनविरोध

जानेवारी २०२६ मध्ये आपल्याकडं २९ महापालिकांचं मतदान होतं, तेव्हा आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर दिवसभर धुमाकूळ. सकाळी एकानं कुठल्या तरी वॉर्डातल्या अपक्षाचं पोस्टर टाकलं, जो म्हणे प्रत्येक निवडणुकीला उभा राहतो आणि प्रत्येक वेळी डिपॉझिट घालवतो, आणि खाली लिहिलं की असल्या नमुन्यांना कायद्यानं बंदी घाला, डिपॉझिट सरळ पाच लाख करा, आपोआप गप्प बसतील. त्याला पंचवीस अंगठे. आणि त्याच ग्रुपवर पंधरा दिवस आधी, मतदान व्हायच्याच आत कल्याण-डोंबिवलीपासून जळगावपर्यंत जे कितीतरी नगरसेवक बिनविरोध निवडून आले त्यातल्या एकाचा बॅनर फिरला होता, हार, फेटा, मागं सिंह, तेव्हा सगळ्यांनी 'अभिनंदन भाऊ' लिहिलं होतं. मी पण लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू. आमच्याच बॅचमधल्या कुणाचा तरी मेहुणा आहे तो.

तर हा लेख म्हणजे त्या पाच लाखवाल्या मेसेजला उत्तर आहे, ग्रुपवर लिहायला गेलो तर फार लांब व्हायला लागलं म्हणून इकडं.

मी राहतो कॅनडातल्या ब्रँटफर्डला, टोरोंटोपासून गाडीनं सव्वा-दीड तास, लाखभर वस्तीचं गाव. ग्रॅहम बेलनं टेलिफोनची कल्पना इथं काढली म्हणून टेलिफोन सिटी म्हणवून घेतं आणि वेन ग्रेट्स्की आइस हॉकीवाला इथला. तिसरी प्रसिद्ध गोष्ट गावातले लोक जरा ओशाळून सांगतात, ती म्हणजे जॉन टर्मेल. हा माणूस १९७९ पासून निवडणुका लढवतोय. केंद्राच्या, प्रांताच्या, पोटनिवडणुका, महापौरपदाच्या, जी समोर येईल ती. आकडा शंभराच्या वर गेलाय आणि सगळ्यात जास्त निवडणुका लढवण्याचा आणि सगळ्यात जास्त हरण्याचा, असे दोन्ही गिनीज रेकॉर्ड त्याच्याच नावावर. लढलेल्या आणि हरलेल्यांत फक्त एकाचा फरक आहे, आणि ती एक त्यानं जिंकलेली नाही बरं का, २००८ ची ग्वेल्फची पोटनिवडणूक होती, मधेच सार्वत्रिक निवडणूक जाहीर झाली म्हणून रद्द झाली. म्हणजे न हरण्याचा एकमेव प्रसंग तोही सरकारी कारणानं.

डोक्यावर पांढरं हेल्मेट, साइटवर इंजिनियर घालतात ते. शिक्षणानं खरंच इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे, ओटावाच्या कार्लटन युनिव्हर्सिटीचा, आणि जुगाराच्या गणितात मुरलेला. त्याचा मुद्दा पहिल्यापासून एकच, व्याज बंद करा. सगळ्या दुःखाचं मूळ व्याज आहे, तेव्हा बँकांचं व्याज रद्द करा आणि गावागावात आपापलं चलन काढा, तासाच्या कामावर मोजलेलं. आपल्याकडच्या सावकारीच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या माणसाला हे ऐकायला तेवढं वेडपट नाही वाटत, पहिली पाच मिनिटं तरी. सहाव्या मिनिटाला तो पोकर चिप्स काढतो, जुगारात पैशाऐवजी लावतात त्या. अक्षरशः. टीव्हीवर ड्रॅगन्स डेन म्हणून कार्यक्रम आहे, आपल्या शार्क टँकसारखा, तिथं जाऊन त्यानं ब्रँटफर्डचं स्थानिक चलन म्हणून पोकर चिप्स चालवायची कल्पना मांडली, परीक्षकांनी धुतला, तर यानं त्या चॅनेलवर केस ठोकली. हरला. चर्चेच्या कार्यक्रमात बोलावलं नाही म्हणून केस. जुगाराचे टेबल लावले म्हणून त्याच्यावर केस. गांजाच्या कायद्यावर केस, आणि कोविडमध्ये तर हे सगळं थोतांड आहे म्हणून सरकारवर केस, इतक्या की शेवटी २०२२ मध्ये फेडरल कोर्टानं जाहीरच केलं की हा माणूस कोर्टाला छळतो, यापुढं परवानगीशिवाय केस घालायची नाही.

म्हणजे साधासुधा भोळा म्हातारा नाहीये तो, हे आधी सांगून टाकतो. कोविडच्या काळात आमच्या ओळखीतले दोघं गेले, त्यामुळे तो थोतांडवाला भाग मला अजिबात विनोदी वाटत नाही. मी त्याला कधीच मत देणार नाही. गावातल्या चर्चेत सगळ्यांना मोजून मिनिटं मिळतात आणि त्यातली दोन-तीन व्याजात जाणार म्हटल्यावर लोक वैतागतात, रस्त्यावरचे खड्डे, शेल्टर, घरपट्टी हे राहून जातं. माझा शेजारी, आयुष्यभर कारखान्यात काम केलेला, तो म्हणतो की याला मिळतात तेवढी मतं मी माझ्या कुत्र्याला मिळवून देईन. (टोरोंटोत २०२३ च्या महापौर पोटनिवडणुकीत एका माणसानं खरंच कुत्रीच्या वतीनं अर्ज भरला होता, मॉली नाव तिचं, एकूण १०२ उमेदवार होते, ऑलिव्हिया चाऊ निवडून आल्या.)

पण इतक्या वर्षांत त्याला उभं राहू नको असं कुणीही म्हटलेलं नाही. म्हणजे कोर्टानं केस घालायला अडवलं, निवडणुकीला नाही. इथं महापौरपदाला उभं राहायचं तर २०० डॉलर, म्हणजे आपले बारा-तेरा हजार, आणि पंचवीस मतदारांच्या सह्या. खर्चाचा हिशोब वेळेत दिला की २०० परत, मतं किती पडली त्याचा संबंध नाही. नगरसेवकाला १०० डॉलर. पक्ष नाही, चिन्ह नाही, पक्षाच्या तिकिटाचा एबी फॉर्म नाही, मतपत्रिकेवर नुसतं नाव. आता परत ऑक्टोबर २०२६ मध्ये निवडणूक आहे, २६ तारखेला, मे पासून अर्ज सुरू. सहज म्हणून सिटी हॉलच्या साइटवर फॉर्म उघडून बघितला तर दोन-तीन पानं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगचा फॉर्म याच्यापेक्षा मोठा होता पुण्यात.

केंद्राच्या निवडणुकीला पूर्वी १००० डॉलर डिपॉझिट होतं. ते २०१७ मध्ये अल्बर्टा प्रांतातल्या एका कोर्टानं उडवलं, म्हणे पैशावरून माणूस गंभीर आहे की नाही हे ठरत नाही. झालं, त्यानंतर एका गटानं मतदान पद्धतीच्या निषेधात ढिगानं उमेदवार उभे करायला सुरुवात केली. २०२४ च्या जूनमध्ये टोरोंटो-सेंट पॉल्स मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीला ८४ उमेदवार, जवळजवळ मीटरभर लांब मतपत्रिका, टेबलावर मावेना, घडी कशी घालायची हा प्रश्न, निकाल पहाटे लागला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अल्बर्टात कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते पोलिएव्ह यांच्या पोटनिवडणुकीला २१४ झाले तेव्हा आयोगानं हात टेकले आणि कोरा कागद दिला, नाव तुम्हीच लिहा म्हणाले. तर इथंही लोक चिडलेत, नियम कडक करा म्हणतायत. सगळं आलबेल आहे असं नाही.

हे वाचून मला आपलं १९९६ आठवलं. बेळगाव. सीमाप्रश्नाकडं दिल्ली बघत नाही म्हणून एकीकरण समितीच्या लोकांनी ठरवून अर्ज भरले, ४५६ उमेदवार. त्याच निवडणुकीत नलगोंडाला फ्लोराइडच्या पाण्यावरून ४८०, आणि तमिळनाडूत मोडकुरिचीला विधानसभेला शेतकरी मिळून १०३३, मतपत्रिका म्हणजे पुस्तकच. मग सरकारनं काय केलं, सीमाप्रश्न सोडवला? लोकसभेचं डिपॉझिट ५०० रुपये होतं ते १० हजार केलं, नंतर २००९ ला २५ हजार. पाच लाखवाल्या मित्रा, तुझी आयडिया नवी नाही, आधीच करून झालीय. २०१९ ला निजामाबादच्या हळद शेतकऱ्यांनी पंचवीस-पंचवीस हजार भरूनही अर्ज भरलेच, एकूण उमेदवार झाले १८५. आणि तमिळनाडूतल्या मेट्टूरचा टायर पंक्चरवाला पद्मराजन १९८८ पासून भरतोच आहे, दोनशेच्या वर निवडणुका हरलाय, पंतप्रधानांच्या विरोधात पण उभा राहून झालं. आपले पुण्याचे विजयप्रकाश कोंडेकर बुटाचं चिन्ह घेऊन हातगाडी ढकलत प्रचार करायचे, आम्ही कॉलेजात हसायचो. बिचुकलेंचं तर काय सांगायचं, कसब्याच्या पोटनिवडणुकीत ४७ मतं. हसा की, हसायला कोण नको म्हणतंय.

खरा त्रास देणारे अपक्ष वेगळेच असतात आणि ते स्वतःच्या पैशानं उभे राहत नाहीत. २०१४ ला रायगडमध्ये सुनील तटकरे २११० मतांनी पडले आणि दुसरे एक सुनील तटकरे साडेनऊ हजारांच्या वर मतं खाऊन गेले. २०२४ ला साताऱ्यात तुतारी चिन्हाचा उमेदवार ३२ हजारांनी पडला, आणि तसंच वाटणाऱ्या पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला ३७ हजार मतं. डिपॉझिट पाच लाख केलं तर ही दुकानं बंद होतील असं ज्याला वाटतं त्यानं एकदा नीट विचार करावा की ते पाच लाख कोण भरेल. भरणारा आरामात भरेल. घरी बसेल तो हातगाडीवाला.

आणि बिनविरोधचं कौतुक आपल्याला कुठून आलं तेही मला कळतं. गावात भांडण नको, भावकी फुटायला नको, गावाला बक्षीस मिळतं, हे सगळं खरं आहे, काही गावांत चांगल्या मनानंच होतं. पण २०२० च्या शेवटी नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाची बोली लागली, २ कोटी ५ लाख, मंदिराच्या जीर्णोद्धाराला म्हणून, व्हिडिओ बाहेर आला तेव्हा आयोगानं तिथली आणि नंदुरबारच्या खोंडामळीची निवडणूकच रद्द केली. कांद्याचं गाव, बोली लावायची सवय असणारच म्हणा. आणि सुरत तर लोकसभा, २०२४, एकाचा अर्ज बाद, बाकीच्यांची माघार, लाखो लोकांना मतदान केंद्र बघायलाच मिळालं नाही.

माझ्या चुलत्यांची गोष्ट सांगतो. सांगली जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, नगरपालिका, साल सांगत नाही. काका शिक्षक म्हणून रिटायर, वॉर्डात पाण्याची बोंब, चार पोरं म्हणाली गुरुजी उभे राहा, राहिले. सूचक अनुमोदक मिळाले, छाननीत अर्ज टिकला, समोर एकच होता, गेल्या तीन वेळचा. माघारीच्या दिवशी सकाळी दहाला दारात दोन गाड्या. धमकी वगैरे काही नाही, आत आले, काकांच्या पाया पडले, चहा घेतला, एक बशीत ओतून प्यायला आणि म्हणाला गुरुजी, तुमच्या धाकट्याचं दुकान कुठंशी आहे हो, पालिकेच्याच गाळ्यात ना. एवढंच. काकी आतून आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, अहो, मला नको हे. दुपारी तीनला मुदत संपायची, काका अडीचला सही करून आले. संध्याकाळी चौकात बॅनर, बिनविरोध निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन, आणि खाली शुभेच्छुकांत काकांचं नाव, फोटोसकट. त्यांना न विचारता. तो फोटो त्यांच्या निरोप समारंभातला होता.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला, फोनवर म्हटलं, जाऊ दे काका, कशाला डोक्याला ताप. आता वाटतं जरा वेगळं बोलायला हवं होतं, काय ते अजून सुचलेलं नाही.

इथं पण बिनविरोध होतात, उगाच परदेशाची आरती ओवाळत नाही. आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतात २०२२ ला पाचशेच्या वर जागांवर एकच अर्ज आला, काही छोट्या गावांत तर अख्खी कौन्सिल मतदानाशिवाय. कुणी दारात गाड्या घेऊन जात नाही, लोकांना पडलेलीच नसते, टोरोंटोत त्या वर्षी मतदान जेमतेम तीस टक्के. आणि मैदान रिकामं सोडलं की काय होतं तेही इथं होऊन गेलंय, १९७४ ला टोरोंटोत डेव्हिड क्रॉम्बी इतके लोकप्रिय होते की कुणी दमदार माणूस विरोधात उभाच राहिला नाही, आणि दुसऱ्या नंबरवर कोण आला, तर डॉन अँड्र्यूज, गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा झेंडा घेतलेला, ज्याची द्वेष पसरवल्याची शिक्षा पुढं १९९० मध्ये सुप्रीम कोर्टानं कायम केली. तोही महापौरपदाला परत परत उभा राहायचा. त्याचं नाव मतपत्रिकेवर बघायला माझ्यासारख्या तपकिरी माणसाला कसं वाटेल, विचार करा. तरी मला वाटतं त्याला मतपत्रिकेवर हरवलेलं बरं, अर्ज घेणाऱ्या टेबलावर नको, कारण त्या टेबलावर कोण बसलंय ते दर पाच वर्षांनी बदलतं.

परवा रविवारी व्हिडिओ कॉलवर काकांना टर्मेलचा फोटो दाखवला, हेल्मेटवाला. सगळी स्टोरी सांगितली, शंभराच्या वर निवडणुका, व्याज, पोकर चिप्स, कोर्ट. काका चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. डिपॉझिट परत मिळतं का, विचारलं. म्हटलं मिळतं, हिशोब दिला की.

मग म्हणाले, "आणि घरातनं कोण काय म्हणत नाही व्हय त्याला?"

मागून काकीचा आवाज आला, "कोण उभं राहिलंय?"

"कुणी नाही गं," काका म्हणाले, "कॅनडातलं आहे," आणि फोन उलटा ठेवला.