लोह अडवा, दूध जिरवा

तुमचं मूल दीड-दोन वर्षांचं आहे, घरभर दुडूदुडू धावतंय आणि त्याच्या गालांवरची लाली अजून उतरलेली नाही? निराश होऊ नका, वेळ गेलेली नाही. भाज्या, फळं, अंडी, डाळी सगळीकडे उघडउघड मिळत असताना मुलाच्या पोटात जीवनसत्त्वं आणि खनिजं जाऊ न देणं हे काम सोपं नाही, हे मान्य. पण घरातल्या मोठ्यांचं एकमत असेल आणि हेतू चांगला असेल, तर ते हमखास जमतं. हेतू चांगला असणं फार महत्त्वाचं. वाईट हेतूनं एवढं सातत्य टिकत नाही.

सुरुवात दुधापासून करा. दूध हे पूर्णान्न आहे, ही श्रद्धा आधी पक्की हवी. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ७ मिलिग्रॅम लोह लागतं. गाईच्या लिटरभर दुधात ते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतं. इथेच दुधाची थोरवी कळते, पण एवढ्यावर ते थांबत नाही. त्यातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन, सोबत खाल्लेल्या दुसऱ्या अन्नातलं लोहही शरीरात शोषलं जाण्याच्या आड येतं. म्हणजे स्वतः आणायचं नाही आणि दुसऱ्यानं आणलेलं आत सोडायचं नाही. शिवाय लिटरभर दुधातून सहाशेच्या वर कॅलरी मिळतात आणि एवढ्याशा जिवाची दिवसाची गरजच हजाराच्या आसपास असते. उरलेल्या भुकेत डाळ, भाजी, अंडं, फळ यांनी आपापसांत काय ते वाटून घ्यावं.

काही बालरोगतज्ज्ञ सांगतात की या वयात दिवसाला दोन कप, म्हणजे अर्धा लिटरपर्यंत दूध पुरे, आणि ७०० मिलिलिटरच्या पुढे गेलं की रक्तक्षयाची वाट मोकळी होते. अर्ध्या लिटरातून ६०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं आणि गरज ७०० ची असते, बाकीचं वाटीभर दह्यातून निघतं, असा हिशोबही ते मांडून दाखवतात. असल्या हिशोबी माणसांचं ऐकू नका. सकाळी उठल्यावर बाटली, आंघोळीनंतर बाटली, जेवला नाही म्हणून बाटली, जेवला म्हणून बक्षीस बाटली, झोपताना बाटली आणि रात्री कुशीवर वळला तर अर्धी. बाटलीच हवी, बरं का. पेल्यातून प्यायला लागलं की मूल पोट भरल्यावर थांबतं आणि आपला सगळा कार्यक्रम कोलमडतो.

आता दुधानं टम्म फुगलेलं मूल जेवायला बसवा. ते तोंड फिरवेल. या क्षणासाठी एक वाक्य तयार ठेवा: ‘हा काहीच खात नाही हो!’ ते मुलाच्या देखत, मोठ्यानं आणि शक्यतो पाहुण्यांसमोर म्हणा. आपली ओळख ‘न खाणारा’ अशी आहे हे एकदा मुलाला उमगलं, की ते ती इमानेइतबारे जपतं.

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्मावेळच्या तिप्पट होतं आणि दुसऱ्या वर्षात उणीपुरी दोन-अडीच किलोच भर पडते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावणार, हे सरळ गणित आहे. तुम्ही मात्र नवव्या महिन्यातला तो गुटगुटीत फोटो भिंतीवर लावा आणि दर जेवणाला त्याच्याशी तुलना करा. वाढायचं प्रमाणही आपल्याच ताटाच्या अंदाजानं ठेवा. वयाच्या दर वर्षामागे प्रत्येक पदार्थ एकेक मोठा चमचा, म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भाजी, असा एक ढोबळ अंदाज तज्ज्ञ वापरतात. दोन चमचे! एवढं तर आपल्या ताटलीला चिकटून राहतं. मुलाला वाटीभर वाढा, त्यातले दोन चमचे त्यानं खाल्ले की उरलेल्या वाटीकडे बघून हताश व्हा. दोन चमच्यांत त्याचं जेवण झालेलं असतं. तुमचं दुःख मात्र शिल्लक राहायला हवं.

भाज्यांच्या बाबतीत एकच नियम: एकदा थुंकलं की विषय संपला. दोन वर्षांच्या आसपास मुलं नव्या पदार्थाकडे संशयानं बघू लागतात आणि हा संशय पुढे काही वर्षं टिकतो. एखादी चव स्वीकारायला त्यांना ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, कसलीही बळजबरी न होता समोर दिसावी लागते. सोमवारी नाकारलेला चमचाभर पालक गुरुवारी पुन्हा मुकाट्यानं ताटलीत ठेवायचा, आपण तोच पालक शेजारी बसून खायचा आणि मुलाकडे बघायचंसुद्धा नाही. इतका संयम कुणाकडे असतो? त्यापेक्षा ‘आमच्या बाळाला पालक आवडत नाही’ हे पहिल्याच दिवशी जाहीर करा आणि पुढची पंधरा वर्षं त्यावर ठाम राहा. बाबांनाही पालक आवडत नाही, हा योगायोग समजा.

किंवा उलट टोकाला जा. मोबाइलवर नाचणारी जनावरं लावा आणि उघड्या राहिलेल्या तोंडात घास कोंबत राहा. मुलाला काय खाल्लं ते कळत नाही, किती खाल्लं ते कळत नाही, चव लक्षात राहायचा तर प्रश्नच नाही. एकविसाव्या वेळीही पालक त्याला तितकाच अनोळखी असतो.

मुलांना खाण्यातलं काय कळतंय, असं म्हणणाऱ्यांनी क्लारा डेव्हिस या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंकडे मुळीच लक्ष देऊ नये. त्यांनी १९२६ साली अंगावरून नुकत्याच सुटलेल्या तान्ह्या मुलांवर एक विचित्र प्रयोग सुरू केला. मुलांसमोर साधे पदार्थ वेगवेगळ्या भांड्यांत ठेवायचे: मांस, मासे, अंडी, दूध, धान्यं, भाज्या, फळं. परिचारिकेनं चमचा हातात घेऊन गप्प बसायचं. मुलानं बोट दाखवलं किंवा हात लांबवला तरच घास द्यायचा. कौतुक नाही की दटावणी नाही. पोरांनी अचाट जेवणं केली. एकानं सकाळच्या न्याहारीला संत्र्याचा रस आणि यकृत खाल्लं, दुसऱ्यानं रात्री अंडी, केळी आणि दूध. मुडदूस झालेल्या एका बाळासमोर माशाचं तेल ठेवलं होतं. हाडं सुधारेपर्यंत त्यानं ते आपखुशीनं घेतलं. १९३९ साली बाईंनी पंधरा मुलांचा अहवाल मांडला, तेव्हा सगळी धष्टपुष्ट होती. वर हेही कबूल केलं की यात मुलांच्या दैवी शहाणपणाचा भाग नाही, खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं. मूल कुठूनही सुरुवात करो, चुकायला जागाच ठेवलेली नव्हती.

साखर-मैद्याच्या पदार्थांमधून मुलांना निवडू दिलं तर काय होईल, हा प्रयोगही बाईंना करायचा होता, पण जागतिक मंदीत तो राहून गेला. आपण तो आता घरोघरी, स्वखर्चानं पूर्ण करत आहोत. दोन वर्षांच्या आत वरून साखर अजिबात नको, असं तज्ज्ञ म्हणतात. म्हणून आपण वरून घालत नाही. बिस्किटात, रसात आणि चॉकलेटच्या पिठीत ती आधीच असते. डब्यावर ‘लोहयुक्त’ असं ठसठशीत लिहिलेलं वाचा आणि मागचा बारीक मजकूर डोळ्यांच्या आरोग्यासाठी टाळा. फळाऐवजी फळाचा रस द्या. एक ते तीन वर्षांत दिवसाला १२० मिलिलिटरची मर्यादा सांगितली जाते, पण तेवढ्यात पेल्याचा तळही नीट भिजत नाही.

एवढं करूनही मूल डाळ किंवा कडधान्यं खाऊ लागलंच, तर घाबरू नका. वनस्पतींतलं लोह मुळातच सहजी शोषलं जात नाही. मांस-मासळीतलं जास्त शोषलं जातं, म्हणून तिकडे फिरकू नका. कडधान्यं भिजवली, त्यांना मोड आणले, तर लोह-जस्त धरून ठेवणारं फायटेट कमी होतं. तेव्हा भिजवायचं विसरा. सगळ्यात मोठा धोका लिंबाचा. डाळीवर अर्धं लिंबू पिळलं, सोबत टोमॅटोची फोड किंवा संत्र्याच्या दोन पाकळ्या दिल्या, की त्यातलं क जीवनसत्त्व वनस्पतीतल्या लोहाला हात धरून आत नेतं, तेही एकाच जेवणात. असा घरभेदी स्वयंपाकघरात ठेवूच नये. त्याला उतारा म्हणून जेवणाबरोबर बशीतून दोन घोट चहा पाजा. चहातली टॅनिनं लोहाला जागच्या जागी अडकवतात आणि ‘बघा, कसा मोठ्यांसारखा चहा पितो’ हे कौतुकही होतं. लोखंडी कढई, ज्यात टोमॅटोसारखं आंबट शिजवलं की थोडं लोह आपसूक उतरतं, ती माळ्यावर टाका.

गाजर, रताळं, भोपळा यांच्यातला नारिंगी रंग शरीरात अ जीवनसत्त्व होतो, पण त्याला सोबत थोडं तेल-तूप लागतं. म्हणून मुलाचं जेवण एकदम बिनतेलाचं ठेवा. डाएट तुमचं चालू आहे, तर त्याचं का नको? आणि चुकून त्याला गाजर फारच आवडलं, तळहात आणि नाक पिवळसर दिसू लागले, तर लगेच कावीळ म्हणून धावत सुटा. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल, तर तो बहुधा गाजराचा निरुपद्रवी रंग असतो, हे बघायला थांबू नका. बाकी कच्च्या गाजराचे कडक तुकडे, अख्खे शेंगदाणे-बदाम, अख्खी द्राक्षं चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकून जीव जाऊ शकतो. इथे विनोद नाही. गाजर शिजवा, द्राक्षं उभी चिरा, दाण्यांचा कूट करा.

ड जीवनसत्त्वासाठी मुलाला खिडकीच्या बंद काचेआड उन्हात बसवा. छान ऊब मिळते, आणि ते जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण काच जवळपास पूर्ण अडवते. घरात कुणीही मांस, मासे, अंडी, दूध यांतलं काहीच घेत नसेल, तर बी-१२ चा विचार आपोआप मिटतो, कारण ते भाजीपाल्यात नसतंच. डॉक्टरांना त्याबद्दल विचारून उगाच वेळ घालवू नका. मीठ गुलाबी आणा, दिसतं सुंदर. त्यात वेगळं घातलेलं आयोडीन बहुधा नसतं, पण फोटोत आयोडीन कुठे दिसतं?

या सगळ्यानंतर मूल किरकिरं झालं, माती चाटू लागलं, दोन पावलांत दमू लागलं, की मग टॉनिक. गोळ्या निवडताना अस्वलाच्या आकाराच्या, गोड निवडा आणि ‘खाऊ’ म्हणून ओळख करून द्या. अ आणि ड जीवनसत्त्वं शरीरात साठून राहतात, जास्त झाली तर बाधतात. लोहाच्या, विशेषतः मोठ्यांच्या गोळ्या लहान मुलानं मूठभर गिळल्या तर विषबाधा होते. बाटली कुलपात ठेवायची की खेळण्यांच्या शेजारी, हे आता तुम्हीच ठरवा.

शेवटी डॉक्टर आलेच. ते रक्त तपासतील, पापणी ओढून बघतील आणि विचारतील, ‘दूध किती पितो?’ मग म्हणतील, ‘दोन कपांवर आणा, डाळीवर लिंबू पिळा, आठवड्यातून चार-पाच वेळा अंडं द्या आणि जेवताना त्याच्या मागे लागू नका. लोहाचं औषध मी लिहून देतो तेवढेच दिवस द्या, आणि मग पुन्हा तपासू.’ तुम्ही कागद उलटसुलट करून बघाल. एकच बाटली. डबा नाही, पावडर नाही, भूक वाढवायचं काही नाही. फी मात्र पूर्ण. असा डॉक्टर ताबडतोब बदला. आत्याच्या ओळखीचे एक आहेत, ते पहिल्याच भेटीत पाच औषधं लिहून देतात.